गॅरेजचा गरम कोबा

ऑर्विन सॉलबर्गला एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलायची छाती होईना, म्हणून त्याने गॅरेजला गरम कोबा करायला घेतला. त्यावरून लोक हसतात, पण ऑर्विनची हरकत नसते. हा किस्सा निघाला की सगळ्यांच्या आधी तोच हसतो.

आमच्या उत्तर मिनेसोटात आग्रहाची एक रीत आहे. कोणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली की ‘उगाच कशाला त्रास’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की ‘आता केलीच असेल तर घेतो अर्धा कप’ म्हणायचं आणि पोटभर प्यायची. मात्र तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही, तर पहिले दोन आग्रह तोंडदेखले होते असं समजून कोरड्या घशाने घरी जायचं. त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. लग्नाची मागणीसुद्धा इथे याच पद्धतीने होते, आणि घाईचे लोक त्यामुळे बिनलग्नाचे राहिलेले आहेत.

ऑर्विनने जन्मभर शाळेची बस चालवली. रस्त्यापलीकडे राहणारा डेलमर निबाकन हा त्याचा मित्र. डेलमरची बायको गेल्यापासून दोघांचा दर शनिवार डेलमरच्या गॅरेजात जायचा. बोटीचं एक जुनं इंजिन होतं, ते सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी बंद करायचं. ते दुरुस्त कधी झालं नाही, आणि व्हावं अशी दोघांचीही इच्छा नव्हती. बाहेर उणे तीस, छताला टांगलेला हीटर डोकी भाजायचा, आणि खालच्या सिमेंटमधून गारठा बुटांतून थेट गुडघ्यात चढायचा. एका हिवाळ्यात डेलमरच्या गुडघ्यांनी हात टेकले. त्याची मुलगी कॅरिन अ‍ॅरिझोनात राहते. घर मोकळं करा आणि कायमचे इकडे या, म्हणून ती बापाच्या मागे लागली.

त्याच सुमाराला ऑर्विन आणि त्याची बायको मार्लिस तळ्याकाठी बिनजिन्याचं नवं घर बांधत होते. त्यात एक खोली जास्तीची होती. डेलमरने तिथे येऊन राहावं, असं दोघांच्याही मनात होतं. ईस्टरच्या जेवणात ऑर्विनने पहिल्यांदा सुचवलं. डेलमर म्हणाला, छे, माझी कशाला अडगळ. मे महिन्यात बोटीत गळ टाकून बसले असताना ऑर्विनने दुसऱ्यांदा विषय काढला. डेलमर म्हणाला, मार्लिसला तुझं एकट्याचं काम आहे तेवढं पुरे. सगळं अगदी रीतसर चाललं होतं. आता फक्त तिसरी खेप उरली होती.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. पहिलं नको, दुसरं नको, यांना काही अर्थ नसतो. तिसऱ्यांदा नको आलं, तर मात्र ते खरं असतं. त्यानंतर पुन्हा विचारायची सोय नाही. उणे चाळीसमध्ये पोराबाळांनी भरलेली बस बर्फावरून नेणारा हा माणूस, त्या एका शब्दाला घाबरला. त्याने वेगळी वाट काढली. नव्या घराच्या गॅरेजचा कोबाच गरम केला, म्हणजे डेलमरला स्वतःहूनच मोह पडेल आणि आपल्याला विचारावंच लागणार नाही. ही युक्ती सुचली तेव्हा ऑर्विनला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे तो आता कपाळाला हात लावून सांगतो.

मग उन्हाळाभर त्याला दुसरा विषय नव्हता. खाली खडी, खडीवर प्लास्टिकचा कागद, त्यावर फोमचे जाड तक्ते, तक्त्यांवर लोखंडी जाळी, जाळीला बांधलेल्या नळ्या, आणि या सगळ्यावर काँक्रीट. नळ्यांतून बॉयलरचं कोमट पाणी फिरणार. गावातल्या कॅफेत प्रत्येकाला यातलं सगळं कळत होतं. एक म्हणाला दोन इंच फोम पुरे, दुसरा म्हणाला चार इंचांखाली बात नको. कडेच्या भिंतीला आतून फोम लावायचा असतो, हे ऑर्विनच्या लक्षातच नव्हतं. ते ऐकून कॅफेची मालकीण म्हणाली की तसंच ठेव, ऊब कडेने बाहेर जाईल आणि तळ्यातले मासे तुला दुवा देतील. ऑर्विनने तिथल्या तिथे कागदी रुमालावर कडेच्या फोमचं चित्र काढून घेतलं.

मार्लिस सगळं ओळखून होती. नव्या स्वयंपाकघराला साधी लाकडी जमीन आणि ट्रकच्या पायाखाली गरम पाणी, यावर तिने चर्चच्या बायकांत भरपूर करमणूक केली. पण घरी ती एकच गोष्ट विचारायची.

“डेलमरला विचारलंस का?”

“नळ्यांमधलं अंतर अजून ठरत नाहीये,” ऑर्विन म्हणायचा.

नकाशा काढायला मदतीला रोज कोण येणार? डेलमरच. दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसत. नळ्यांचे सगळे फेरे सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर एकीकडे ऊब आणि एकीकडे गारठा, हे डेलमरनेच त्याला पटवलं. एक दिवस नकाशावर बोट ठेवून त्याने विचारलं, की या खिडकीजवळच्या कोपऱ्यात नळ्या इतक्या दाट का? त्या कोपऱ्यात डेलमरची खुर्ची यायची होती. ऑर्विनने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. तो म्हणाला, तिथे ट्रकचं इंजिन येतं ना, थंडीत सुरू व्हायला बरं. डेलमरने नकाशा फिरवून पाहिला आणि म्हणाला, मग तू ट्रक उलटा लावणार वाटतं. ऑर्विन हो म्हणाला. एवढ्या एका थापेपायी तो आजही गॅरेजात ट्रक मागे घेत घेत लावतो, आणि एक आरसा त्यात बळी गेला आहे.

जुलैत नळ्या जाळीला बांधायचं काम चाललं होतं. ऑर्विन ओणवा होऊन बांधत होता, डेलमर पालथ्या बादलीवर बसून तारेचे तुकडे देत होता. मग डेलमर तळ्याकडे बघत म्हणाला, “नवं घर बाकी चांगलं ऐसपैस झालंय हं तुमचं.”

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो. माणसाने दार सताड उघडून बाजूला उभं राहावं, तसं ते वाक्य होतं. आता फक्त म्हणायचं होतं, मग ये की राहायला. ऑर्विनच्या जिभेवर ते आलंही. तो घसा खाकरून म्हणाला, “हो ना. ऊब टिकवायची तर छताला फोम जरा जास्तच घालावा लागेल.”

डेलमरने त्याला तारेचा पुढचा तुकडा दिला.

ऑगस्टमध्ये कोबा ओतला. काँक्रीटच्या गाड्या आल्या, चार शेजारी गुडघाभर बूट घालून आले. ओतताना एखादी नळी फुटली तर लगेच कळावं, म्हणून नळ्यांत हवा भरून ठेवली होती, आणि दाबाच्या काट्यावर नजर ठेवायला डेलमरला बसवलं होतं. काटा हलला नाही. दुपारपर्यंत सगळं सपाट झालं, थापी फिरली, आणि असा कोबा तालुक्यात नाही असं त्या चौघांनी एकमताने सांगितलं. म्हणजे ते म्हणाले, वाईट नाही. मार्लिसने कॉफी आणि लिंबाच्या वड्या आणल्या. ते चौघं खाऊन गेल्यावर डेलमरने कप खाली ठेवला आणि हवापाण्याविषयी बोलावं तशा आवाजात सांगितलं, की त्याने कॅरिनला हो म्हटलं आहे. ऑक्टोबरात जायचं. तिने खोलीला रंगही दिला आहे.

ऑर्विनच्या कोपरापर्यंत काँक्रीट वाळत होतं. तो एकदम म्हणाला, “अरे, पण आमची ती खोली आहे की. तुझ्यासाठीच ठेवलीय.”

“हे आज सांगतोस?” डेलमर म्हणाला. “मी मेपासून वाट बघतोय, ऑर्विन. तू दोनदा विचारलंस आणि थांबलास. मला वाटलं, दोनदा रीत म्हणून विचारलं, आणि थांबलास ते खरं. जुलैत मी लाज सोडून तुला आठवणसुद्धा करून दिली, तर तू मला छताचा फोम सांगितलास.”

“मग आता?”

“आता पोरीला शब्द दिलाय.”

हे नको रीतीतलं नव्हतं. ते खरं होतं, आणि त्यात राग नव्हता, म्हणून ऑर्विनला ते जास्तच लागलं. त्या संध्याकाळी ओल्या कोब्यावर पाणी मारताना तो रडला. मार्लिसला त्याने सांगितलं की डोळ्यांत सिमेंट गेलं, आणि तिने ते मानल्यासारखं केलं.

ऑक्टोबरात डेलमर गेला, आणि नोव्हेंबरात नव्या घरी बॉयलर सुरू झाला. कोबा अप्रतिम निघाला, हीच तर चीड होती. ट्रकवरचा बर्फ वितळून आपोआप मोरीला लागायचा. मार्लिस नाताळच्या बटाट्याच्या पोळ्या गॅरेजातच, नुसत्या मोज्यांवर उभी राहून लाटायची. कॅफेतली मंडळी बघायला आली आणि दोघं तर चक्क पाठ टेकून आडवे झाले. खिडकीजवळच्या कोपऱ्यातली खुर्ची मांजराने बळकावली. सगळ्यांची सोय झाली होती. डेलमरने मागे ठेवलेलं बोटीचं इंजिन ऑर्विनने पहिल्याच शनिवारी उघडलं, पण एकट्याने उघडल्यावर ते दुपारच्या आत दुरुस्त झालं, आणि मग त्याला काय करावं सुचेना.

जानेवारीत एका रविवारी दुपारी डेलमरचा फोन आला. कसं आहे म्हटल्यावर तो म्हणाला, बरं आहे. आमच्याकडे हाडं मोडलेला माणूसही बरं आहे म्हणतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. गुडघे सुधारले होते. कॅरिन फार करते म्हणाला. नातवंडं कुठल्याच इंजिनाला हात लावत नाहीत म्हणाला. मग दोघंही गप्प झाले, आणि दोन हजार मैलांवरून ते गप्प राहणं ऑर्विनला सोसेना.

“डेलमर, ती खोली रिकामी आहे,” तो म्हणाला. रीतीप्रमाणे इथे थांबायचं असतं. तो थांबला नाही. “लगेच नको म्हणू नकोस, माझं बोलून झालं नाहीये. तो कोबा मी ट्रकसाठी नव्हता केला. तुझ्या गुडघ्यांसाठी केला होता. तू जाऊ नयेस म्हणून केला होता. मला इथे तुझ्याशिवाय करमत नाही. माझी अक्कल गेली होती शेण खायला, तेव्हा बोललो नाही. आता बोलतोय. तू ये.”

स्वयंपाकघरात मार्लिसचे हात पिठात तसेच थांबले. फोन कटला असावा असं वाटून ऑर्विनने तो कानापासून लांब धरून पाहिला.

“हे वाक्य जुलैत बोलला असतास,” डेलमर अखेर म्हणाला, आणि त्याचा आवाज धड नव्हता, “तर केवढं सिमेंट वाचलं असतं रे तुझं.”

“हो.”

“थंडीत पोरीला सोडून नाही येता यायचं. शब्द दिलाय. पण उन्हाळ्यात इथे माणूस भाजून निघतो. तळ्यावरचा बर्फ गेला की येतो. पुन्हा थंडी पडेपर्यंत राहीन.”

ऑर्विनच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग एक गोष्ट ध्यानात आली, आणि न राहवून तो बोलून गेला, “पण उन्हाळ्यात कोबा बंद असतो, डेलमर.”

“मग मी काय कोब्याला भेटायला येतोय का?” डेलमर म्हणाला.