माझी किंमत सीमेवर बदलते

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी उघडताना कुरकुरते, झाकणाच्या कोपऱ्यावर दुधाचा फिकट डाग आहे. तरी रोज संध्याकाळी मी उघडलो की पडद्यावरून वेगवेगळ्या देशांतली मुलं एकदम ओरडतात, "नमस्कार, बाई!" म्हातारपणी आणखी काय हवं?

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. पडदा एका देशातून आला, बॅटरी दुसऱ्यातून. सरकत्या पट्ट्यावर माझ्या पुढंच माझा जुळा भाऊ होता, अगदी स्क्रूसुद्धा तेच. तो अमेरिकेला गेला. मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या प्रभुलिंग अण्णांच्या दुकानात काचेमागं येऊन बसलो. लोक माझ्याकडं बघून म्हणायचे, "काय देखणा हाय!" मग किंमत विचारायचे आणि "बाबौ!" म्हणून पुढं जायचे.

एका सकाळी वर्षाराणी आल्या. कडेवर तान्हा अमरसिंह. बाळासाठी त्यांनी शाळेतली नोकरी सोडली होती आणि आता घरूनच परदेशातल्या मराठी मुलांसाठी मराठीचा वर्ग सुरू करायचं ठरवलं होतं. मुलं जमली होती, तारीख जवळ आली होती. पण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर वर्ग चालेना. लॅपटॉप नसेल तर सगळंच बारगळणार होतं.

त्यांनी मला आधी चहूबाजूंनी चाचपलं. "कोपरे टोचणार नाहीत ना? चार्जर किती तापतो? ह्यानं वायर चावली तर?"

"वहिनी, वायर चावणारं पोरगं माझ्याबी घरात हाय," अण्णा म्हणाले. "पोरगं ठणठणीत हाय. वायरच तेवढी गेली."

पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी फोन पुढं केला. "हाच लॅपटॉप अमेरिकेत किती स्वस्त आहे बघा. मी स्वतः गुणून बघितलंय. मधले पैसे कुणाच्या खिशात गेले?"

"माझ्या खिशात गेलं असतं तर ह्या गरगरत्या पंख्याखाली बसलो असतो व्हय?"

"हसून घालवू नका, अण्णा. सरळ सांगा, गिऱ्हाईक अडाणी वाटलं की काय तुम्हाला?"

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी मला परत काचेमागं ठेवलं. वर्षाराणी तरातरा निघून गेल्या. अमेरिकेतल्या दिराकडून, आदर्शकडून, त्या माझा जुळा भाऊच मागवणार होत्या.

आठवड्याभरात त्या परत आल्या. या वेळी त्यांचा आवाज खाली होता. "अण्णा, आधी माझं ऐका. आपल्याकडं बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा छापलेली किंमत म्हणजे सगळे कर धरून. मला वाटलं, तिथंही तसंच. आदर्शभावजी म्हणाले, 'वहिनी, इथं चिठ्ठीवरची किंमत कराशिवायची असते. कर बिलात चढतो, आणि तोही राज्याराज्यात वेगळा.' शिवाय मी डॉलरचा भाव गेल्या वर्षीचा धरला होता. आणि तिथली हमी इथं चालत नाही. बिघडला तर काय, परत अमेरिकेला पाठवायचा?"

"मी हेच सांगणार हुतो. पण तुमी थांबलासा कुठं?"

"थांबायला शिकले काल. माहेरी निघालो, तर आमच्या ह्यांनी कोल्हापुरातला एकेक पंप सोडला. गाडी गचके खायला लागली तरी म्हणतात, कागलच्या पुढं सीमा ओलांडू दे, कर्नाटकात कर कमी, पेट्रोल स्वस्त. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेट्रोल तेच, भाव वेगळा. म्हणून इथल्या पंपवाल्याला कधी चोर म्हणालो का आपण?"

"ते ऱ्हाऊ दे. गाडी पोचली का?"

"ह्यांनी ढकलली. मी बाळाला घेऊन मागनं चालत!"

अण्णा एवढे हसले की माझी काच थरथरली.

खोटं कशाला सांगू मित्रांनो, मी तरीही थोडा महागच होतो. माझ्या सुट्या भागांचे पैसे डॉलरमध्ये मोजले जातात. रुपया घसरला की मी होतो तसाच राहतो, फक्त माझी चिठ्ठी बदलते. त्यात इथला कर, वाहतूक आणि अण्णांची मेहनत. वर्षाराणींनी हे सगळं समजून घेतलं आणि मला घरी नेलं.

तिथं मला फार जपलं. अमरसिंहनं एकदा दुधाचा पेला उपडा केला, तर त्यांनी आधी त्याला उचललं, मग मला बंद करून पालथं घातलं आणि दिवसभर हातसुद्धा लावला नाही. म्हणून मी वाचलो.

वर्ग रंगात आला. परदेशातली मुलं डॉलरमध्ये फी देत. इंग्रजी शाळेत जाणारी कागलची क्रांतीही मराठी लिहा-वाचायला वर्गात आली. तिची फी रुपयांत, आणि बरीच कमी. मग हे कानावर पडून एक दिवस अमेरिकेतल्या भूमिकाची आई पडद्यावर आली.

"बाई, स्पष्ट विचारते. धडा एकच, बाई एकच. मग कागलच्या मुलीला एक फी आणि आम्हाला दुसरी, हे कसं?"

वर्षाराणींचे तळवे माझ्या कळांवर ओले झाले. एक मुलगी गेली की बाकीच्याही जातील, ही भीती मला त्यांच्या बोटांतून कळत होती.

"हाच प्रश्न मी एका दुकानदाराला विचारला होता," त्या सावकाश म्हणाल्या, "पण तुमच्याइतका नीट नाही. तुमचं चलन वेगळं, तिथली कमाई वेगळी. तुमचा आकडा कागलला लावला तर क्रांतीला वर्ग सोडावा लागेल. कागलचा तुम्हाला लावला तर माझं घर चालणार नाही. पटत नसेल तर फीचं बोलू, पण भूमिकाला काढू नका."

पलीकडं भूमिकाची आई हसली. "काढतंय कोण? मीबी कोल्हापूरकडचीच, हातकणंगल्याची हाय की! भाव का, ते विचारल्याबिगर आमी मेथीची जुडी उचलत नाही."

मित्रांनो, मला कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, खाण्यापिण्यापासून दूर ठेवा. आणि कुठल्याही वस्तूची किंमत ऐकून कुणाला चोर म्हणण्याआधी एवढं विचारा, ती कोणती सीमा ओलांडून आली, कोणत्या पैशात, कोणता कर भरून. विचारलंत तर कुणाचा चेहरा उगाच उतरणार नाही.

आत्ता माझ्या पडद्यावर क्रांती आणि भूमिका शेजारी शेजारी आहेत.

"गूल," भूमिका म्हणते.

"तसं न्हवं गं! जीभ वर वळीव की."

भूमिकानं जीभ वळवली. आणि मग कागल आणि अमेरिका एका दमात म्हणाले, "गूळ!"