गाऱ्हाण्यातला आडाळो

नात समीक्षा वही घेऊन आली. कॉलेजात ‘टोमणा’ या शब्दाचा अर्थ आणि उत्पत्ती लिहून मागितली होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. शब्द कुठून आला मला काय ठाऊक? आमच्या घरात तो सासूबाईंबरोबर आला, एवढं सांगितलं. अर्थ मात्र दाखवते म्हटलं.

सासूबाईंचा आडाळो, म्हणजे नारळ खवायची विळी, माझी धाकटी जाऊ सावित्री गेल्या गणपतीत घेऊन गेली ती गेलीच. यंदा गौरीच्या नैवेद्याला दहा नारळ खवायचे होते. पण थोरल्या जावेनं धाकटीच्या दारात मागायला जायचं? त्यापेक्षा मी दातांनी खवेन.

गणपती बसला, भाऊबंद गाऱ्हाण्याला, म्हणजे देवाला सगळ्यांनी मिळून साकडं घालायला, जमले. गाऱ्हाणं घालणाऱ्या भिकाजी भावोजींच्या कानात मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, भायर गेलेली वस्तू ज्येची त्येच्या घराक परत येवंदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज सावित्रीचा.

सकाळी शेजारची रसिका माझी छत्री घेऊन आली. दोन वर्षांपूर्वी नेलेली. मी विसरलेही होते. मग वाडीतला गुरुदास माझा कोयता ठेवून, मान खाली घालून गेला. मग सावित्री आली, हात हलवत.

“वयनी, माझो पितळेचो डबो तुझ्याकडे आसा. काल देवासमोर माझीच बाजू घेतलंस, बरा वाटला.”

समीक्षा तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मी डब्यातली साखर बरणीत काढली, डबा घासून दिला. ती पायरी उतरली तशी माझ्या तोंडातून निघूनच गेलं.

“सावित्री, माझो आडाळो दी गो.”

ती वळली. “वरसभर वाट बघतंय, तू कधी तोंडान मागतंस ती.”

घटकाभरात आडाळो आला. पात्याला नवी धार लावलेली. नारळ खवायलाही तीच बसली, मी नको म्हटलं नाही.

संध्याकाळी समीक्षानं वही वाचून दाखवली. टोमणा : जो साऱ्या वाडीला लागतो, ज्याला मारला त्याला सोडून. उत्पत्ती : आमची आजी.

मी म्हटलं, सासूबाईंचंही नाव घाल.