गाडी उभी असताना

माझ्या भाचीच्या गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा तीन महिने मला वेड्यात काढत होता. तिच्याकडे लागायचा आणि माझ्या गॅरेजच्या दारात आला की विझायचा, डॉक्टरसमोर बसताच दुखणं पळालेल्या पेशंटसारखा.

हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. नवरा गेला, गॅरेज राहिलं, आणि त्याला कुलूप लावायला हात धजेना. गाड्या उघडत गेले, चुकत गेले. त्यामुळे हरण्याचं मला काही वाटत नाही, पण तो दिवा मला हसतोय असं वाटायला लागलं होतं. मी पेट्रोलचं झाकण बदललं, दोन सेन्सर बदलले, बॅटरीची टोकं घासली. स्कॅनर लावला की तो दर वेळी तेच सांगायचा: पाच सेन्सर एकाच क्षणी गप्प झाले आणि लगेच बोलायलाही लागले. आता पाच जण एकदम मरून एकदम उठत नाहीत. म्हणजे या सगळ्यांचा मिळून कुठेतरी एक जोड ढिला होता. कुठे, ते सापडत नव्हतं.

शेवटी मी ठमीला एक छोटी वही दिली. ठमी म्हणजे ही भाची; लहानपणी गोलमटोल होती म्हणून ते नाव पडलं, आता बरगड्या मोजून घ्याव्यात. म्हटलं, "दिवा लागला की लिहायचं. तारीख, वेळ, गाडी कुठे होती, रस्ता कसा होता. गाळायचं काही नाही."

महिन्याभराने भर दुपारी दोनला ती गाडी घेऊन आली. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"मावशी, आज काहीही कर, पण दिवा बंद कर. पाच वाजता तो घ्यायला येणारे."

"येऊ देत की जावईबापू. चहा पाजू."

"दिवा दिसला की चिडतो गं. म्हणतो, तू चालवतेस म्हणून इंजिनची वाट लागली."

तिच्या जबड्याखाली निळा डाग होता. मी बघतेय हे पाहून म्हणाली, "कपाटाचं दार लागलं."

"तुमच्या घरातली कपाटं फार अंगावर येतात."

तिने वही पुढे केली. मी वही उघडली. सतरा नोंदी, सुंदर अक्षरात. 'सिग्नलला, गाडी उभी.' 'घराखाली, गाडी उभी.' 'आईकडून निघताना फाटकाशी, गाडी उभी.' मी डोकं खाजवलं. ढिला जोड खड्ड्यात बोलतो, धक्का बसला की बोलतो. उभ्या गाडीला कसला आलाय धक्का?

"तेव्हा चालवत कोण होतं?"

"तोच. सतराही वेळा."

"आणि तू?"

"शेजारी."

असल्या येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडावर माझा शेवटचा उपाय म्हणजे ठोकून बघणं. इंजिन चालू ठेवायचं आणि डॅशबोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत मुठीने ठोकत जायचं. ठमीला शेजारी बसवलं, म्हटलं दिव्यावर डोळा ठेव. स्टेअरिंगच्या खाली ठोकलं, काही नाही. रेडिओपाशी ठोकलं, काही नाही. तिच्यासमोर ठोकायला मी मूठ उचलली आणि ठमीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. कोपरं चेहऱ्यापुढे, हनुवटी छातीत, गुडघे वर. शिकवणी लावल्यासारखं सफाईदार.

माझी मूठ सुटली होती, ती थांबली नाही. धाडकन डॅशबोर्डवर बसली.

दिवा लागला.

इंजिन चालूच होतं. मग मी तिच्या पुढ्यातला कप्पा काढला. त्याच्या मागे इंजिनचा कॉम्प्युटर असतो. त्यात बसणाऱ्या जाड प्लगचं लॉक तुटलं होतं. वरच्या प्लास्टिकला गोल तडा गेला होता, आणि त्या तड्यात केसांच्या क्लिपचा अर्धा तुकडा अडकला होता. चार लांब केसांसकट.

"माझीच आहे," ठमी म्हणाली. "कधीची शोधतेय."

"दिवा लागला म्हणून मारतो?"

"हो."

"इथे आपटतो?"

"केस धरून." पत्ता सांगावा तसं सांगितलं तिने. "आणि मग दिवा..." ती थांबली. तिने दिव्याकडे पाहिलं, तड्याकडे पाहिलं. मग एकदम माझा हात धरला. चेहरा उजळला होता, हेच मला सहन होईना. "मावशी, मग तू हा प्लग घट्टच बसव ना! दिवाच लागला नाही, तर त्याला कारणच उरणार नाही."

दोन मिनिटांचं काम होतं ते. मी हात मागे घेतले.

"वही दिली त्याच्याही आधी, दिवा अगदी पहिल्यांदा लागला तो दिवस आठव. त्याच्या आधी दिवा कधीच लागला नव्हता ना? मग त्या दिवशी मारलं कशावरून?"

तिने वही पहिल्या पानापर्यंत उलटली; तो दिवस त्यात नव्हता. "आईकडे अर्धा तास जास्त बसले होते," ती म्हणाली, आणि वही मिटली.

मी फोन करायला आतल्या खोलीत गेले. पोलिसांना पत्ता सांगत होते तेवढ्यात बाहेर त्याचा आवाज आला. साडेतीनच वाजले होते. "काय, मावशींच्या हातालाही गुण नाही?" गोड, हसरा. गाडीच्या सीटवर कुणीतरी बसल्याचा आवाज. "हा तर लागलेलाच आहे."

मग एक आवाज झाला, वरून फरशीवर जाडजूड पुस्तक पडावं तसा. लगेच दुसरा.

मी धावले. तो स्टेअरिंगमागे बसला होता. त्याच्या बाजूचं दार उघडं. एका हाताने जोर घ्यायला दाराची चौकट धरलेली, दुसऱ्या मुठीत ठमीचे केस. काचेवर रक्ताचे थेंब उडाले होते. तो तिसऱ्यांदा तिचं डोकं मागे खेचत होता, घाई नसल्यासारखा.

मी दार लावलं. सगळं अंग टाकून लावलं. चार बोटं चौकटीत होती. ती मोडल्याचं मला हाताला कळलं.

तो गुरासारखा ओरडला. दार लाथेने उघडलं ते माझ्या पोटात बसलं. मी खाली पडले तर खाली उतरून त्याने तोंडावर बूट घातला. माझा पुढचा दात जिभेवर आला. नवऱ्याला फार आवडायचा तो दात. मी त्याचा पाय धरला, घोट्याला चावले, होते तेवढ्या दातांनी. त्याने मला झटकलं, पुन्हा गाडीत बसला आणि मोडका हात छातीशी धरून ठमीवर किंचाळला, "दार लाव! घरी चल, मग दाखवतो!"

ठमीच्या नाकातून रक्त गळत होतं. ती वाकली. मला वाटलं, कोसळली. पण तिने कप्प्याच्या मोकळ्या जागेत हात घातला, मघाशी पाहिलेला तो प्लग धरला आणि ओढला.

इंजिन मेलं.

तो डाव्या हाताने चावी फिरवत राहिला, शिव्या देत राहिला. ठमी आपल्या बाजूने उतरली, वही उचलली, भिंतीवरचा चाकाचा पाना काढला आणि माझ्याजवळ फरशीवर येऊन बसली. पाना मांडीवर, तोंड त्याच्याकडे. एकदा तो गाडीतून अर्धा बाहेर आला. ती उभी राहिली आणि तिने पाना गाडीच्या हेडलाइटवर घातला. काचा त्याच्या बुटांवर उडाल्या. "पुढचा गुडघ्यावर," ती म्हणाली. तो पोलीस येईपर्यंत आत बसला.

चौकीत हवालदाराने सवयीने विचारलं, "आधीचं काही आठवतंय का बाई? तारीख, वेळ? नुसतं मारतो म्हणून भागत नाही."

ठमीने वही उघडून टेबलावर ठेवली. तो वाचत गेला, आणि त्याचा पेन थांबला. "सिग्नलला, गाडी उभी... घराखाली, गाडी उभी... अहो, हे गाडीचं आहे की तुमचं?"

"माझं," ठमी म्हणाली. "सतरा वेळा."

चार बोटांबद्दल माझ्यावरही कलम लागलं. सही करताना मी विचारलं, दात त्यात वजा होतो का? हवालदार म्हणाला, तसं काही नसतं.

"एक राहिलीय," ठमी म्हणाली. तिने त्याच्याच हातातला पेन घेतला आणि अठरावी नोंद लिहिली. तारीख. साडेतीन. मावशीच्या गॅरेजमध्ये, गाडी उभी. मग तिने पुढे लिहिलं: मी उतरले.