कंबर अठ्ठावीस, रक्त साडूच्या नावे

मी शिंपी आहे आणि माझा टेप खोटं बोलत नाही, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. माझी स्वतःची कंबर अठ्ठावीस; लग्नात होती तीच. समोरच्या बेकरीतली लोण्याची बिस्किटं दिवसाला दोन पुडे, चार वाजता क्रीम रोल, जेवणानंतर वर काहीतरी गोड. अंगाला लागतच नाही, त्याला मी काय करू? देव एकेकाला देतो.

साडूभाऊंना देवाने पोट दिलं. ते बंदरात क्रेन चालवतात, बारा मजले उंच काचेच्या केबिनमध्ये बसून. दर वर्षी पॅन्ट सैल करून घ्यायला माझ्याकडे येतात आणि मी त्यांची कंबर अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी वाचतो. ‘‘बेचाळीस! साडूभाऊ, पुढच्या खेपेला दोन टेप जोडून ठेवतो.’’ गिऱ्हाइकं हसायची, तेही हसायचे. आमच्यात किती मोकळेपणा आहे, याचं मला फार कौतुक होतं.

यंदा कंपनीने क्रेनवाल्यांसाठी नवा नियम काढला. रक्तात चरबी किती, इन्सुलिन किती, सगळं तपासायचं. नापास झाला तर क्रेन बंद, फाटकावर बसून हेल्मेटं वाटायची. साडूभाऊंचा चेहराच उतरला. हा माणूस सुट्टीच्या दिवशीही चहाचा कप घेऊन बंदराकडे तोंड करून बसतो. मेहुणी माझ्या बायकोजवळ रडली, आणि माझ्या औदार्याला भरतं आलं.

‘‘लॅबमध्ये ओळखपत्र कोण बघतंय? तुमच्या नावावर मी रक्त देतो. पदक देतील तुम्हाला!’’

ते दोन दिवस नाही नाही म्हणाले. ‘‘भित्रे कुठले!’’ म्हटल्यावर कबूल झाले. मी उपाशीपोटी गेलो, त्यांचं नाव सांगितलं, रक्त दिलं आणि येताना स्वतःला बक्षीस म्हणून क्रीम रोल खाल्ला.

पदक तिसऱ्या दिवशी आलं. चरबी चौपट, उपाशीपोटी इन्सुलिन तिप्पट. कंपनीच्या डॉक्टरांनी साडूभाऊंना त्याच दिवशी खाली उतरवलं. घाबरून त्यांनी लगेच स्वतःचं रक्त दिलं, तर ते जवळजवळ स्वच्छ! रोज बारा मजल्यांची शिडी चढणारा माणूस तो. पण डॉक्टर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, ‘‘तीन-चार दिवसांत एवढा फरक पडत नसतो. यातलं एक रक्त तुमचं नाही. कोणाचं ते सांगा, तोवर क्रेन नाही.’’

साडूभाऊंनी मला फोनवर नुसते आकडे सांगितले होते; पुढचं सगळं बायकोकडून कळलं, तेही आठवड्याने.

‘‘भावजी हेल्मेटं वाटतायत फाटकावर,’’ ती म्हणाली. ‘‘ताईने किती समजावलं, पण तुमचं नाव काही सांगत नाहीत. म्हणतात, चार लोकांत त्यांची शोभा होईल.’’

माझी शोभा! मला आधी त्यांचाच राग आला. मग भीती वाटली. ते तिप्पट इन्सुलिन कोणाचं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कागदावर नाव दुसऱ्याचं होतं, म्हणून आजारही दुसऱ्याचाच धरून मी आठवडाभर निवांत बिस्किटं खात होतो.

दुसऱ्या दिवशी चहासुद्धा न घेता कंपनीच्या दवाखान्यात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही. मग ते हसले.

‘‘साडूसाठी खोटं बोलायला आलात? चांगली गोष्ट आहे. पण एखादा जाडा माणूस तरी पाठवायचा!’’

आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या कंबरेची लाज वाटली. बाही वर केली. ‘‘काढा रक्त.’’

रक्ताची नळी यंत्रात फिरवून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. वर पिवळसर पाणी दिसायला हवं म्हणे. माझ्या नळीत दूध होतं. डॉक्टरांचं हसू मावळलं.

‘‘कंबरेला जागा मिळाली नाही की चरबी यकृतात जाते, तिथून रक्तात,’’ ते म्हणाले. ‘‘इन्सुलिन पेशींच्या दारावर थाप मारतं, साखर आत घ्या म्हणून. पण ही लोण्यासारखी गोठणारी, संपृक्त चरबी आत साचली की पेशींना थाप नीट ऐकूच येत नाही. मग शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं. आणि सगळीच चरबी काही लोण्यातून येत नाही. मैदा, साखर जास्त झाली की यकृत ती घरीच तयार करतं.’’

‘‘घरचं म्हणजे चांगलंच असेल,’’ मी म्हणालो. ते हसले नाहीत. गोळ्या लिहून दिल्या, रोज तासभर चालायला सांगितलं, बेकरी बंद केली. दोघांकडून लेखी माफी घेतली आणि साडूभाऊंना क्रेनवर पाठवलं.

परवा ते पॅन्ट घेऊन आले. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी टेप लावला, आकडा पाहिला आणि गुपचूप वहीत लिहिला.

‘‘वाचा की मोठ्याने,’’ साडूभाऊ म्हणाले.

मी वही मिटली. त्यांनी माझ्या हातातून टेप घेतला, माझ्याच कंबरेला गुंडाळला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं.

‘‘अठ्ठावीस! अरेरे. बिचारे!’’