मैदानाकडे पाठ

सकाळपासून लसादच्या संडासच्या खेपा चालल्या होत्या. सामना दुपारी होता, पण ते पोटाला कोण सांगणार? वजीहानं हरिसाची तिखट चटणी लावलेला पाव पुढं ठेवला, तर एकच घास तोंडात घोळत राहिला.

"भ्यालायस तू," बायको म्हणाली.

"छे गं! कालची मासळी बाधली."

"मासळी मीपण खाल्लीय."

भ्यालाच होता. आणि का भिऊ नये माणसानं? धीर धर म्हणायला लोकांचं काय जातं! ज्याचा उजवा कान चौकीतल्या एका थपडेत कायमचा गेला, त्याला विचारा.

लसाद म्हणजे शबाब अल-मीनाच्या उत्तरेकडच्या स्टँडचा म्होरक्या. शबाब हा आमच्या बंदराचा फुटबॉल क्लब, आणि उत्तरेचा स्टँड म्हणजे गोदीतले हमाल, कोळी, बेकार पोरं, सगळी आमचीच माणसं. म्होरक्यानं खालच्या भिंतीवर चढायचं, हातात भोंगा घ्यायचा, मैदानाकडे पाठ करायची आणि गाणं उचलून द्यायचं. मग अख्खा स्टँड ते झेलतो. बाकीचे तिकीट काढून सामना बघतात, हा बाबा तिकीट काढून बघणाऱ्यांची तोंडं बघतो. म्होरक्या झाल्यापासून शबाबचा एकही गोल त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. बॉल कुठं आहे ते त्याला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळायचं.

वसंतात त्याच स्टँडचा वरचा कठडा तुटला. ढोल वाजवणारा हमादी कठड्याला टेकला होता. तो ढोलासकट खाली फरशीवर आला आणि तिथंच संपला. क्लबच्या अध्यक्षांनी, म्हणजे रऊफसाहेबांनी, दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की समर्थकांनी उड्या मारून कठडा मोडला. वा रे वा! गंजून पोखरलेल्या लोखंडावर हंगामाच्या तोंडाशी निळा रंग फासला होता, तो सगळ्या गावानं पाहिला होता. समर्थकांचं मागणं एवढंच होतं, की हा कठडा धड आहे असं कुणी ठरवलं ते अध्यक्षांनी समोर येऊन सांगावं. अध्यक्ष आले नाहीत, पोलीस आले. पहिला उचलला तो ही आरोळी देणाऱ्या लसादला. कोर्टानं वर्षाची शिक्षा सुनावली आणि ती डोक्यावर टांगून ठेवली. पुन्हा आरोळी दिलीस की सरळ आत.

असा सगळा प्रकार, आणि आज रऊफसाहेब स्वतः सामन्याला येणार होते.

घास अजून तोंडातच होता, तेवढ्यात शुकरी दारात येऊन उभा राहिला. शाळेतला दोस्त, आणि आता रऊफसाहेबांचा उजवा हात. बरोबर दोर्रासाठी मकरूदच्या मिठाईचा पुडा.

"काय दोर्राबाई, ओळखलंत का काकाला?" लसादच्या लेकीला त्यानं उचलूनच घेतलं. "आणि तुझा रे चेहरा का उतरलाय?"

"काही नाही. ये, बस."

"बसत नाही. आज वर सज्ज्यात राजधानीचे पाहुणे आहेत. साहेबांची इच्छा आहे, स्टँडनं झकास गाणी म्हणावीत. शबाबची. फक्त शबाबची."

"स्टँड काय म्हणेल ते माझ्या हातात थोडंच आहे?"

शुकरी खो खो हसला. "गंमत करतोस होय? तू बस म्हणालास की बसतात, ऊठ म्हणालास की उठतात. लेका, तुझ्याशिवाय ते शिंकणारसुद्धा नाहीत!" त्यानं दोर्राच्या गालाचा हळूच चिमटा घेतला. "केवढी झालीस गं? या वयात बाप घरात लागतो बरं का."

तो गेल्यावर वजीहानं पुडा उचलून ओट्यावर ठेवला. उघडला मात्र नाही.

"नाही विचारणार मी," लसाद म्हणाला. "आज नुसती गाणी."

"मी काही बोलले का?"

"बोलली नाहीस, पण बघतेयस."

"बघूपण नको का?" ती म्हणाली, आणि एकदम रडायलाच लागली. "नको विचारूस. दुसरं कुणीतरी विचारेल. मला तू घरी पाहिजेस, बास."

तर असं ठरवून लसाद मैदानावर गेला. फाटकावर पोलिसांच्या दोन रांगा होत्या, त्यांच्यामधून जाताना त्याला वाटलं, प्रत्येक जण आपल्या कानाकडेच बघतोय. खिशातली चावी पोलिसानं उलटसुलट करून पाहिली तेवढ्यातही त्याला घाम फुटला.

आत शिरला आणि समोर मबरूककाका. हमादीचा बाप. होड्या रंगवणारा माणूस, फुटबॉल म्हणजे नसता उद्योग असं जन्मभर म्हणत आलेला. पोरगं जिवंत असताना कधी स्टँडमध्ये पाऊल टाकलं नाही, आणि आज धुतलेला पांढरा झब्बा, डोक्यावर लाल टोपी घालून मधल्या रांगेत बसला होता. आजूबाजूच्या पोरांनी त्याच्याखाली कुणाचं तरी जाकीट अंथरलं होतं.

"लसाद, बाळा," म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. "तो माणूस आज येणार म्हणतात. विचारशील ना रे?"

"बघू काका," लसाद म्हणाला आणि हात सोडवून घेतला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की खाली भिंतीपर्यंत तो कुणाच्या डोळ्याला डोळा न भिडवता गेला.

भिंतीवर चढला. भोंगा तोंडाला लावला. मागं शिट्टी वाजली, सामना सुरू झाला. समोर हजारो माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यांना काय हवंय ते लसादला स्वच्छ दिसत होतं. त्यानं डोळे मिटले आणि शबाबचं जुनं गाणं उचललं.

कुणीच झेललं नाही.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. भोंग्यातून त्याचा एकट्याचा आवाज निघाला आणि विरून गेला. असं कधी झालं नव्हतं. पोरं तशीच उभी, हात खाली, तोंडं बंद. शिव्या देतील तर बरं, असं त्याला वाटलं. कुणी शिव्यापण देईना.

तेव्हा मधल्या रांगेत मबरूककाका गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याच्यापाशी भोंगा नव्हता, आवाजही धड नव्हता.

"कठडा कुणी रंगवला?"

आणि मग सगळा स्टँड एकदम ओरडला, "रऊफ, उत्तर द्या!"

"कठडा कुणी रंगवला?"

"रऊफ, उत्तर द्या!"

लसादच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं भोंगा खाली घेतला. आता लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. सगळ्यांच्या नजरा त्याच्या डोक्यावरून पलीकडे, पाहुण्यांच्या सज्ज्याकडे लागल्या होत्या, आणि त्या हळूहळू उजवीकडे सरकत गेल्या. अध्यक्ष उठून चालले होते. लसादनं वळून पाहिलं नाही. पळावं असं त्याच्या मनात होतं, पण पाय भिंतीला चिकटल्यागत झाले होते.

पोलिसांनी त्याला भिंतीवरून खाली ओढलं आणि स्टँडखालच्या बोळात नेलं. तिथं एक फौजदार उभा होता, शेजारी शुकरी धापा टाकत.

"साहेब, हा नव्हे," शुकरी घाईघाईनं म्हणाला. "मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. यानं आमचंच गाणं उचललं होतं. आरोळी वरून कुणीतरी दिली. सगळे उभे होते, कोण ते दिसलं नाही."

"मग सोप्पं आहे," फौजदार म्हणाला. "कोण होता ते दाखव आणि घरी जा. चहा पी जाऊन."

सुटलो! लसादला खरोखर तेच वाटलं. "साहेब, मला नाही दिसलं."

फौजदार हसला. "बाकी कुणी म्हणालं ना, की मी सामना बघत होतो, तर मी ऐकून घेईन. सगळ्या मैदानात तू एकटा त्यांच्याकडे तोंड करून उभा. तू काय बघत होतास रे?"

बोळाच्या तोंडातून वरच्या रांगा दिसत होत्या. पोरांनी दाटीवाटी करून म्हाताऱ्याला मध्ये घेतलं होतं, तरी लाल टोपीचा तुकडा दिसतच होता. दाखवावं, असं लसादच्या मनात आलं. हो, आलं, उगाच कशाला झाकू? मुलगा गेलेल्या म्हाताऱ्याला कोण हात लावणार, संध्याकाळपर्यंत सोडतील, असंही त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. पण चौकीत वय विचारून मारत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मी," तो म्हणाला.

"काय? मोठ्यानं बोल."

"मी दिली आरोळी."

"अरे गाढवा!" शुकरी ओरडलाच. "मी सांगतोय ना, तू नव्हतास! दोर्राचा तरी विचार कर!"

"मीच दिली," लसाद म्हणाला. दात एकमेकांवर आपटत होते आणि पँट आतून ओली झाली होती.

फौजदारानं खांदे उडवले. "मला काय, एक माणूस पाहिजे." त्यानं पेन काढलं. "घरी कुणाला कळवायचं? नंबर सांग."

वजीहाचा नंबर. झोपेतून उठवून विचारला तरी सांगितला असता असा नंबर. लसादनं तोंड उघडलं. पहिले दोन आकडे आले, पुढचे येईनात. त्यानं कपाळ दाबून धरलं, डोळे मिटले.

"सांग ना, बाबा," फौजदार म्हणाला.

लसाद पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता आणि पुन्हा तिथंच अडकत होता.