कडीवरचा हात

"कॉम्प्युटर न्यायला तेराव्या दिवशीच आलात?" दार अर्धवट धरूनच लेकीनं विचारलं.

"ऑफिसचा आहे ना, ताई. जमा करावा लागतो."

हा बाबांच्या हाताखालचा इंजिनिअर. झटपट काम उरकतो म्हणून बाबा त्याला 'एक्सप्रेस' म्हणत. त्याच्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

तसा तो त्यांचा स्वतःवरही नव्हता. ती पाच वर्षांची असताना अडगळीची खोली रिकामी बघून बाबा कुलूप आणायला वळले, तेवढ्यात ती आत शिरली. परत येऊन त्यांनी न बघताच कुलूप लावलं; दोन तास ती कोंडली गेली. "बघितलं तेव्हा रिकामी होती गं," ते आईला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तेव्हापासून एक हात कडीवर ठेवूनच ते आत डोकावायचे.

ऑफिसात संगणकाच्या गाभ्यातल्या मूळ प्रोग्रॅममध्येही त्यांना तीच फट सापडली. अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशी एक नोंद. वापरणारे शून्य झाले की जागा मोकळी करायची. पण शून्य बघणं आणि जागा मोकळी करणं, यांच्या मध्ये कुणी नवा शिरला तर त्याच्या पायाखालची जमीनच जायची. बाबांनी दोन्ही एका झटक्यात बांधलं: आकडा शून्य झाला त्याच क्षणी दार बंद. वेग किंचित घटला, एवढंच. "माझी पाठ वळली की एक्सप्रेस ते काढून टाकेल," इस्पितळातही त्यांना तोच घोर होता.

"बाबांची दुरुस्ती आहे ना जागेवर?" बाबांच्या खोलीत तो कॉम्प्युटर सोडवू लागला तेव्हा तिनं विचारलं.

तो वायर गुंडाळत राहिला. "काढली होती. सर आयसीयूत होते तेव्हा."

"वाटलंच!"

"कोटीत एखाद्या वेळी घडणार, म्हटलं. मंगळवारी घडलं. चाचणीचं मशीन कोसळलं. आधी मी दुसऱ्यांवर खापर फोडलं... मग परत घातली. त्यांच्याच नावानं."

"दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता. इथंच."

त्यानं गुंडाळलेली वायर सोडली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून ऑफिसशी जोडला. पडद्यावर बाबांचं नाव होतं. तिनं त्याची अक्षरं एकेक करून तपासली. खाली ओळ होती : 'ही दुरुस्ती मी काढली होती. चूक माझी.' तारीख कालची.

"सरांना सांगायचं राहिलं," तो म्हणाला.

तिनं स्वतःच वायर पुन्हा गुंडाळून त्याच्या हातात दिली. कॉम्प्युटरचं खोकं उचलून तो गेला.

खोली रिकामी दिसत होती. टेबलावर धूळ न बसलेला एक चौकोन उरला होता. कडीवर हात ठेवून ती आत डोकावली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.