दगड उकळू नको

धाकट्याच्या भुवईवर जो व्रण आहे तो माझा. माझा समोरचा दात अर्धा तुटलाय तो त्याचा. रागाच्या बाबतीत आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. फरक इतकाच की मी आधी मारतो आणि मग विचार करतो, आणि तो आधी विचार करतो आणि मग जास्त जोरात मारतो. हे सगळं माशांवरून झालं असं सांगितलं की लोक हसतात. हसा.

आमच्याकडे आठ वर्षं खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती. मी प्लंबर, म्हणून पाइप, पंप, गळती माझ्याकडे. धाकटा कुरिअरची व्हॅन चालवतो, म्हणून मीठ, दगड, मासे आणायचं काम त्याच्याकडे. एरवी आमचं मिठाच्या खड्यावरूनही वाजायचं, पण टाकीपुढे स्टुलं टाकून बसलो की तासभर वाकडा शब्द निघत नसे. आई म्हणायची, "तुम्हा दोघांना त्या टाकीतच ठेवायला हवं होतं." मग मोठी टाकी घ्यायचं ठरलं. सात फूट लांब, हजार लिटरची, हॉलची अख्खी भिंत खाणारी. खाली लोखंडी स्टँड, त्याच्या पोटात आणखी एक छोटी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरणार आणि गाळून परत वर चढणार.

जागा करायला जुनी टाकी मोडली. मासे निळ्या पिंपात ठेवले, हवेचा पंप लावून. जिवंत दगड टबांत. जिवंत दगड म्हणजे समुद्रातला भोकाभोकांचा दगड. त्या भोकांत बारीक जीव राहतात आणि पाणी स्वच्छ ठेवतात. तो नसेल तर टाकी म्हणजे मिठाच्या पाण्याची बादलीच.

धाकट्याला भिंतीत भोकं पाडायची होती. एक्स्टेन्शन बोर्डावर जागा नव्हती, म्हणून त्याने एक प्लग काढून ड्रिलचा लावला. भोकं पाडली, ड्रिल ठेवलं आणि व्हॅन घेऊन कामाला गेला. काढलेला प्लग हवेच्या पंपाचा होता. आई दुपारभर झोपलेली. मी संध्याकाळी आलो तेव्हा नऊच्या नऊ मासे वर तरंगत होते. त्यातला पिवळा सहा वर्षांचा होता आणि माझ्या बोटांतून खायचा.

तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटा दारातून आत येतोय तोच मी पाइपचा तुकडा त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. "दादा, काय झालं ते तरी सांग!" तो ओरडला, आणि मी सांगायच्या ऐवजी दुसरा हाणला. मग त्याने माझी मान पकडली आणि डोकं स्टँडच्या लोखंडावर आपटलं, दोनदा. दात तिथेच तुटून पडला. आई मध्ये पडली तेव्हा कुणाचं तरी कोपर तिच्या छातीत बसलं आणि ती पिंपाला धरून खाली बसली. तिला दमा आहे. ती धापा टाकत होती आणि आम्ही तिच्या डोक्यावरून एकमेकांची कॉलर शोधत होतो. याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून अबोला. पण टाकी सोडायला दोघंही तयार नव्हतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मग सगळं काम आईच्या तोंडून चालायचं.

"आई, त्याला सांग, पाना दे."

"आई, त्याला सांग, पाना त्याच्याच पायाखाली आहे."

आम्ही दोघं हातभर अंतरावर, आणि आई मध्ये खुर्चीवर भाजी निवडत. निरोप पोचवायची गरज नसायची, पण ती पोचवायची. काचवाल्याची दोन माणसं टाकी घेऊन आली तेव्हा चौघांनी मिळून ती स्टँडवर चढवली. धाकट्याच्या बाजूचा कोपरा खाली जाताना मला दिसला. मी म्हणालो, "आई, त्याला सांग, बोटं काढ." आई तेव्हा दारात गाडीवाल्याशी बोलत होती. काच धाकट्याच्या दोन बोटांवर बसली. त्याने ओठ चावला पण आवाज काढला नाही, नखं मात्र काळी-निळी झाली. काचवाल्याचा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "काय हो, तुमचं तोंड भाड्याने दिलंय का?"

त्याचा वचपा धाकट्याने दुसऱ्या दिवशी काढला. मी दोन दिवस खपून जोडलेले पाइप त्याने करवतीने कापले, सगळ्या सांध्यांपाशी. सोल्युशनने चिकटवलेला सांधा एकदा कापला की गेलाच. मी त्याला गळ्याला धरून भिंतीशी दाबला. त्याचे ओठ निळे पडायला लागले तरी मी सोडत नव्हतो. त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्या मांडीत खुपसला, तेव्हा सुटला. आम्ही परत भिडणार तेवढ्यात आईने फरशी पुसायचा ओला मॉप उचलला आणि दांड्याने दोघांनाही झोडपलं. पंचेचाळीस किलोची बाई, पण हात असा पडत होता की माझ्या पाठीवर आठवडाभर वळ होते.

"आजपासून मी कुणाचा निरोप कुणाला सांगणार नाही," ती धापा टाकत म्हणाली. "टपाल बंद. एकमेकांशी बोला, नाहीतर मुके मरा."

दोन दिवस घरात कुणीच बोललं नाही. मी पाइप नव्याने कापायला घेतले. टबांतल्या दगडांवर मात्र तपकिरी बटणांसारखी फुलं माजली होती. ती नव्या टाकीत गेली असती तर वर्षभरात सगळं व्यापून बसली असती. ती कशी काढायची म्हणून मी मासेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काहीही करा, पण दगड गरम करू नका. त्या फुलांत विष असतं. उकळलं की वाफेत उतरतं आणि माणूस आडवा होतो. दगड बाहेर उन्हात वाळवा, महिनाभर."

रात्री जेवताना धाकटा ताट घेऊन आत गेल्यावर मी आईला म्हणालो, "त्याला सांग, दगड उकळायचे नाहीत. वाफ विषारी असते."

"तूच सांग," ती म्हणाली. "दगड उकळू नको. तीन शब्द आहेत."

मी पाणी प्यायलो आणि उठलो.

रविवारी सकाळी मी स्टँडखाली उताणा पडून सांधे जोडत होतो. बाहेर गारठा होता, घराच्या खिडक्या बंद. फुलं मारायला म्हणून धाकट्याने दगडांचा टब ओढत स्वयंपाकघरात नेला. मोठं पातेलं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग दगड एकेक करून आत पडल्याचा. मला सगळं कळत होतं. सोंग घेण्यात अर्थ नाही, मला कळत होतं. मी मूग गिळून पडून राहिलो. म्हटलं, खोकेल, दोन दिवस अंथरूण धरेल, अक्कल येईल. त्याचं थोडं वाईट व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

आई खुर्चीतून उठली. स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबली, मागे वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी स्टँडखालून तिची पावलं बघितली, मग चेहरा. मी नजर काढून घेतली आणि पाइपला सोल्युशन लावायला लागलो. ती आत गेली. मला बरं वाटलं. टपाल बंद म्हणाली तरी शेवटी आईच ती, सांगेल त्याला.

आतून बोलण्याचा आवाज आला नाही. मी दोन सांधे जोडले, तिसरा पुसून घेतला. मग धाकट्याचा खोकला ऐकू आला, आणि मग काहीतरी जड पडल्याचा आवाज.

मी धावलो. आत पांढरी वाफ, समुद्राच्या कुजक्या वासाची. आई ओट्याखाली पडलेली, ओठ काळे. धाकटा गुडघ्यांवर, डोळे लाल, तिला ओढायला बघतोय आणि ओढता येत नाहीये. मी नाकावर शर्ट धरून गॅस बंद केला, पान्याने खिडकीची काच फोडली आणि तिला काखेत धरून अंगणापर्यंत ओढत नेलं. तिच्या टाचा उंबऱ्यावर आपटल्या. श्वास घेताना तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, घरात काय झालं? धाकट्याला धड बोलता येत नव्हतं. "मी दगड उकळत होतो, साधे दगड, मला काय माहीत," असं म्हणत तो कपाळ भिंतीवर आपटत होता. भुवईवरची जखम परत उघडली होती. मी गप्प राहिलो असतो तर ते सगळं जन्मभर त्याच्या डोक्यावर बसलं असतं.

"त्या फुलांत विष असतं," मी डॉक्टरांना सांगितलं. मग त्याच्याकडे वळून म्हणालो, "मला माहीत होतं."

त्याने मला मारलं. आधी तोंडावर, मग खुर्च्यांच्या रांगेत पाडून पोटात, बरगड्यांत. मी हात उचलला नाही. माझ्यातलं काहीतरी कायमचं मोडावं असं मला वाटत होतं. त्याला खोकल्याची ढास लागली म्हणून तो थांबला. सुरक्षारक्षक नंतर आला.

तिसऱ्या दिवशी आईचा मास्क थोडा वेळ काढला. धाकटा वरच्या मजल्यावर भरती होता. मी एकटाच तिच्याजवळ बसलो. छातीची शिट्टी कमी झाली होती, पण डॉक्टर म्हणाले होते की फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत.

"आई," मी म्हणालो, "तू आत गेलीस ते त्याला सांगायलाच ना?"

तिने मान हलवली. नाही.

"मी त्याला काही बोललेच नाही," ती थांबत थांबत म्हणाली. "मी पातेल्याजवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, भावासाठी तोंड उघडलं नाहीस, आईसाठी तरी ओरडशील."

ती माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघत होती.

"पहिली वाफ आली तेव्हा वाटलं, आता ओरडशील," ती म्हणाली. "मग वाटलं, आता. मग धाकट्याला सांगायला तोंड उघडलं, तर श्वासच येईना."

नर्सने येऊन मास्क परत लावला. आई त्या वाफेत माझी हाक ऐकायला उभी होती, आणि मी दहा फुटांवर तिसरा सांधा पुसत होतो.